एकशे अठराचं काय करायचं

निकाल लागला तेव्हा लिफ्टवाला सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये, लिफ्टच्या टपावर मांडी घालून बसला होता. एका हातात ग्रीसचा डबा, दुसऱ्या हातात फडकं, दातांत बॅटरी. अशा वेळी फोन वाजला तर तो घेत नसे. उंचावर काम करताना फोन घेणाऱ्या एका माणसाची गोष्ट तो सगळ्यांना सांगत असे, आणि दर खेपेला त्या गोष्टीतला माणूस एकेक मजला जास्त उंचावरून पडत असे. पण आज त्यानं दातांतली बॅटरी मांडीवर टाकली आणि फोन कानाला लावला.

“अहो, लागला,” बायको म्हणाली.

“किती?”

“एकशे अठरा.”

“दोनशेपैकी?”

“नाही, हजारापैकी! दोनशेपैकीच हो.”

“मग बरे आहेत की.”

“बरे आहेत. पण आर्किटेक्टची यादी एकशे वीसला बंद झाली.”

लिफ्टवाल्यानं विचारलं, “रडतेय का ती?”

“नाही ना. कपाट आवरतेय. तेच तर बघवत नाही.”

त्यांना एकच मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, घरात ती खारू. लहानपणी घास गालात धरून अर्धा अर्धा तास हिंडायची, म्हणून खारूताई, आणि खारूताईची खारू. आई दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावायची. तिची सुट्टीच्या दिवशी कामाची पाळी असली की लिफ्टवाला पोरीला बरोबर कामावर घेऊन जाई आणि तळमजल्याच्या जिन्यावर बसवून ठेवी. पोरगी बसल्या बसल्या प्रश्न विचारून पहारेकऱ्याचं डोकं खायची. या बिल्डिंगला लिफ्ट कोपऱ्यात का? त्या बिल्डिंगचा जिना अंधारात का? दरवाजा आत का उघडतो, बाहेर का नाही? पहारेकरी बापडा हात जोडून म्हणायचा, “हे सगळं ज्यानं बांधलं त्याला विचार, बाळ.” तेव्हापासून खारूला ज्यानं बांधलं तो माणूस व्हायचं होतं.

त्यासाठी प्रवेश परीक्षा होती, लेखी आणि चित्रकलेची मिळून. ज्या कॉलेजात पाच वर्षांत आर्किटेक्ट घडतात त्याच कॉलेजात, मागच्या बाजूच्या इमारतीत, तीन वर्षांचा आरेखनाचा अभ्यासक्रमही होता. आर्किटेक्टच्या मनातली इमारत मापात बसवून कागदावर उतरवायची, ते काम. त्याची यादी एकशे सतराला बंद झाली होती. म्हणजे खारू इकडे दोननं हुकली होती आणि तिकडे एकानं वाचली होती.

संध्याकाळी लिफ्टवाला घरी आला तोच तावातावानं. परीक्षा विभागाची सूचना त्यानं येता येता फोनवर दोनदा वाचून काढली होती.

“फेरतपासणी,” हातपाय धुण्याआधीच त्यानं जाहीर केलं. “शुक्रवारी पाचपर्यंत अर्ज द्यायचा. पुन्हा पेपर तपासतात.”

“आणि कमी झाले तर?” बायकोनं विचारलं. तिनंही वाचली होती. “खाली काय लिहिलंय ते वाचलंत का? फेरतपासणीनंतरचे गुण अंतिम. वाढले तर वाढले, घटले तर घटले. दोन घटले की आरेखनसुद्धा गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं.”

“कमी कसे होतील? आपल्या पोरीचे?”

“अहो, पंधरा वर्षं मी दवाखान्यात बसते. दुखत नसलेला दात कुणी ठोकून बघत नाही. ठोकला की दुखायला लागतो.”

“आणि मी वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतो. दुरुस्ती झाली तरी तीनदा वर-खाली करून बघितल्याशिवाय कुलूप लावत नाही.”

“ती लिफ्ट आहे. तुम्ही बघितल्यानं तिचे मजले कमी होत नाहीत.”

यावर लिफ्टवाला हात धुवायला गेला. खारू टेबलाशी बसून टोस्टला लोणी लावत होती. अगदी कडेपर्यंत, चारी कोपरे भरून. तिचं लोणी लावणंही मोजमापाचं होतं.

“तुझं काय म्हणणं?” आईनं विचारलं.

“मला आधी माझा पेपर बघायचाय,” खारू म्हणाली. “झेरॉक्स मिळते. मी मागितली पण. बुधवारी देणार आहेत.”

नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. ही दोघं भांडत होती तोवर पोरीनं अर्ज करूनही टाकला होता.

बुधवारी संध्याकाळी मावशीला बोलावणं गेलं. ही आईची मोठी बहीण, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. बावीस वर्षं तिनं बोर्डाचे पेपर तपासले होते, त्यामुळे या प्रांतात तिचा शब्द म्हणजे शेवटचा. ती आली ती लाल पेन घेऊनच. निवृत्त झाली तरी पर्समध्ये असायचंच ते.

“तपासणारा माणूस असतो, हे आधी लक्षात घ्या,” तिनं खुर्चीत बसता बसता सांगितलं. “पहिल्या दहा पेपरांना मी न्यायाधीश असायचे. पन्नाशी उलटली की माझी मान दुखायची. ऐंशीच्या पुढं मला फक्त चहा दिसायचा.”

“म्हणजे आमच्या खारूचा ऐंशीच्या पुढं लागला असणार,” लिफ्टवाला म्हणाला.

“मेकॅनिकसाहेब, आधी बघू तर द्या.”

झेरॉक्सचे कागद टेबलावर पसरले. चौघांची डोकी त्यावर वाकली. मावशी पान पान उलटत गेली आणि सोळाव्या पानावर थांबली. पंधरावं पान कोरं होतं. खारूनं घाईत एक पान सोडून पुढं लिहिलं होतं. सोळाव्या पानावर पाचव्या प्रश्नाचा ब भाग होता, ‘उष्ण हवेच्या गावातील घराच्या खिडक्या कशा असाव्यात’, चार मार्कांचा. सगळं उत्तर लिहिलेलं, बाजूला छोटी आकृतीसुद्धा. आणि पानावर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. बरोबर नाही, चूक नाही, काहीच नाही. पहिल्या पानावरच्या चौकटीत पाच-ब समोर नुसती आडवी रेघ.

“बघितलंच नाही!” मावशीनं टेबलावर हात आपटला. “कोरं पान आलं, त्याला वाटलं पेपर संपला. हे मी शंभरदा बघितलंय. अगं, उत्तर चांगलंय हे. मी तरी चारपैकी चार देईन.”

“एकशे बावीस!” लिफ्टवाला उठूनच उभा राहिला. “झालं की काम! आता कसला विचार करायचा?”

आईच्या चेहऱ्यावरही पहिल्यांदा उजेड पडला. ती लगबगीनं चहा ठेवायला गेली. मावशी चित्रकलेचं पान काढून बसली. ‘खालून वर बघताना दिसणारा जिना’ असा विषय होता, पंचवीसपैकी तेरा मिळाले होते. तेरा कमी की जास्त, हे भूगोलाच्या बाईंना सांगता येईना.

तोवर लिफ्टवाला उभ्या उभ्या बाकीची पानं चाळत होता. तिसरा प्रश्न त्याला ओळखीचा वाटला. चाकांच्या खुर्चीसाठी उतार. उंची साठ सेंटिमीटर, चढ एकास बारा, तर उताराची लांबी किती? असले हिशेब तो झोपेतसुद्धा करू शकला असता. खारूनं पद्धत अगदी नीट मांडली होती. साठ गुणिले बारा. आणि खाली उत्तर लिहिलं होतं, सहा पूर्णांक दोन मीटर. शेजारी लाल शाईत मोठी बरोबरची खूण. चारपैकी चार.

बारा सक बाहत्तर, लिफ्टवाला मनात म्हणाला. सात पूर्णांक दोन. पोरीनं बाहत्तरच्या जागी बासष्ट धरलेत आणि त्या भल्या माणसानं न बघताच खूण मारलीय.

त्यानं हळूच इकडं तिकडं बघितलं. मावशी जिन्यात गुंतली होती. खारू पाच-बचं पान पुन्हा वाचत होती. बायको चहाचे कप घेऊन आली. लिफ्टवाल्यानं आपला कप उचलला, एक घोट घेतला आणि सहज ठेवावा तसा तो बरोबर त्या गणितावर ठेवला.

“बाबा, डाग पडेल,” खारू म्हणाली. तिनं कप उचलून बाजूला ठेवला आणि कागद गोळा करून फाईलमध्ये घातले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याचं कामात लक्ष नव्हतं. मिळाले चार तर एकशे बावीस. पण पेपर सगळा बघितला आणि उतार सापडला, तर चार आले नि चार गेले. वर त्या जिन्याचे दोन कापले, तर बायको म्हणत होती तेच खरं. हे त्याला कुणालाच सांगता येत नव्हतं. सांगितलं तर बायको अर्ज करू देणार नाही, आणि खारूला कळलं तर ती काय करेल याचा नेम नाही.

अकराच्या सुमाराला ऑफिसातून फोन आला. परीक्षा विभागाच्या इमारतीची लिफ्ट अडकलीय, आत माणूस आहे.

ती इमारत त्याच्या नेहमीच्या फेरीतलीच होती. लिफ्ट म्हातारी होती, तिचे सगळे रुसवेफुगवे त्याला पाठ होते. तो पोचला तेव्हा तिसऱ्या मजल्यावर दारापाशी सगळा विभाग जमा झाला होता आणि प्रत्येक जण आतल्या माणसाला धीर देत होता, त्यामुळे आतला माणूस आणखीनच घाबरला होता.

“कोण आहे आत?” लिफ्टवाल्यानं विचारलं.

“उपनियंत्रक साहेब,” गर्दीतल्या एका चष्मेवाल्या बाईंनी सांगितलं. “परीक्षांचे.”

लिफ्टवाल्याला खारूचा अर्ज आठवला. पण काम ते काम. तो वर मशीनच्या खोलीत गेला, मुख्य स्विच पाडला, पहारेकऱ्याला ब्रेकची दांडी दाबून धरायला लावली आणि हातानं चाक फिरवत लिफ्ट इंच इंच खाली आणली. मग खाली येऊन तिकोनी किल्लीनं दार उघडलं. आतून एक पन्नाशीचा माणूस बाहेर आला, शर्ट घामानं चिंब, हातात चिवटपणे धरलेली फाईल. लिफ्टवाल्यानं त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

“चाळीस मिनिटं,” उपनियंत्रक म्हणाले. “मला वाटलं, आता दोर तुटणार.”

“दोर एक नसतो साहेब, चार असतात. आणि चारही तुटले तरी खाली ब्रेक आहे. तुम्हाला पाडायचं म्हटलं तरी जमायचं नाही.”

साहेब पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, “तुमचे उपकार झाले बघा. आमच्याकडं काही काम असलं तर मोकळेपणानं सांगा.”

माणूस सहज बोलून गेला होता. पण लिफ्टवाल्याच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडले. मुलीची परीक्षा, एकशे अठरा, कोरं पान, पाच-ब. उताराचं तेवढं त्यानं गाळलं.

“हो का? मग चूक आमचीच दिसतेय,” साहेब म्हणाले.

“फेरतपासणीत सगळा पेपर बघतात का?” लिफ्टवाल्यानं जमिनीकडं बघत विचारलं.

“नियमानं सगळाच. का, दुसरीकडं कुठं शंका आहे?”

“नाही, तसं नाही. उगाच सगळं उकरायला नको, म्हणून.”

साहेबांनी फाईलमधून एक चिठ्ठी काढून लिहिलं, ‘फक्त ५-ब पाहावे’, खाली सही केली आणि त्याच्या हातात ठेवली. “अर्जाला जोडा. एवढं चालून जाईल.”

दिवसभर ती चिठ्ठी लिफ्टवाल्याच्या वरच्या खिशात होती. खिसा जड झाल्यासारखं त्याला वाटत होतं, पण तो स्वतःला सांगत होता, की हे आनंदाचं ओझं आहे.

घरी येऊन त्यानं अडकलेल्या साहेबांची गोष्ट साग्रसंगीत सांगितली. चाळीस मिनिटांचा पाऊण तास झाला, तिसऱ्या मजल्याचा पाचवा झाला. बायको हसून हसून बेजार झाली. मग त्यानं जादूगारासारखी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

“हे बघा. फक्त पाच-ब. आता घटायची भीतीच नाही.”

बायकोनं चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. “अहो, देवासारखा भेटला की हा माणूस! आता माझी हरकत नाही.”

खारूनं चिठ्ठीला हात लावला नाही. “बाबा,” ती म्हणाली, “फक्त पाच-बच का?”

“म्हणजे?”

“तुला उताराचं माहीत आहे ना?”

लिफ्टवाल्यानं चिठ्ठीची घडी घातली. बायको एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं. “कसला उतार? कुणी मला सांगेल का?”

“मी गुणाकार चुकवलाय, आई. बासष्ट लिहिलेत. त्यांनी तरी चार मार्क दिलेत. मला कागद हातात आला तेव्हाच दिसलं. आणि बाबालाही दिसलं. त्यानं त्याच्यावर कप ठेवला.”

“मी सहज ठेवला होता,” लिफ्टवाला म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

“बाबा, टेबलावर एवढी जागा होती.”

“बरं, ठेवला मुद्दाम! मग काय बिघडलं?” त्याचा पारा चढला. “त्यांनी तुझं एक पान बघितलं नाही, ते चालतं? त्यांची चूक आपल्यावर येते तेव्हा कुणी विचारत नाही, आणि आपल्या फायद्याची झाली की आपणच दवंडी पिटायची? दोन मार्कांसाठी तुझी पाच वर्षं...” त्यानं चिठ्ठी तिच्याकडं सरकवली. “तू सहा वर्षांची होतीस तेव्हापासून म्हणतेयस.”

खारूचे डोळे भरले, पण ती मागं हटली नाही. “पाच-ब माझं आहे. ते मला हवंय. पण उतार माझा चुकलाय, बाबा. तू कुणाची लिफ्ट अशी सोडशील का? एक मीटर आखूड उतार काढला मी. ती खुर्ची वर चढायचीच नाही. आणि मी चिठ्ठी लावून पुढं जायचं? मला तुझ्या किल्लीनं दार उघडून आत नाही जायचं.”

एवढं बोलून ती आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळू लावलं. लिफ्टवाल्याला ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

तो बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. खालच्या मजल्यावरची म्हातारी पिशवी घेऊन वर आली, त्याला वळसा घालून गेली. थोड्या वेळानं बायको दोन कप घेऊन आली आणि शेजारी टेकली.

“कप कुठं ठेवायचा ते बघून ठेवा,” ती म्हणाली.

त्याला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. मग तो म्हणाला, “मी तिला लबाडी शिकवायला निघालो होतो गं.”

“तुम्ही तिला कॉलेजात घालायला निघाला होतात. रस्ता चुकला एवढंच.” ती फुंकर मारत चहा पीत राहिली. “आणि मी काय वेगळी? चिठ्ठी बघून मलाही आनंदच झाला. उताराचं कळल्यावरही एकदा मनात आलंच, की जाऊ दे, कुणाला कळतंय.”

“मग आता काय करायचं? अर्जच नको करूया. एकशे अठरा आहेत ते आहेत. आरेखन तर पक्कं आहे.”

“ते तिलाच विचारा. मला वाटतं, आपण दोघं सोमवारपासून एकमेकांशीच भांडतोय.”

आतून दार उघडल्याचा आवाज आला. खारू उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं, कारण या घराच्या भिंती पातळ होत्या आणि आईबापाचे आवाज मोठे.

“मी अर्ज करणार आहे,” ती म्हणाली. “पूर्ण पेपरचा. चिठ्ठी नको.”

“आणि घटले तर, बाळा?” आईनं विचारलं. या वेळी तिच्या विचारण्यात भांडण नव्हतं.

“पाच-बचे आले, उताराचे गेले, तर एकशे अठरा. जिन्याला कमी देणार नाहीत असं मला वाटतं. दिले तर वर्षभर बाबाबरोबर जाईन कामाला, आणि पुन्हा परीक्षा देईन.”

“लिफ्टच्या शाफ्टमध्ये? मुळीच नाही!” आई म्हणाली.

“चालेल की,” लिफ्टवाला त्याच वेळी म्हणाला, आणि बायकोची नजर बघून कपात तोंड घातलं.

शुक्रवारी दुपारी बाप-लेक परीक्षा विभागात गेले. खारूला एकटीलाच जायचं होतं. तो म्हणाला, मला तिथं लिफ्टचं काम आहे. दोघांनाही माहीत होतं, की लिफ्ट कालच ठीक झाली. खारू खिडकीशी रांगेत उभी राहिली, अर्ज स्वतःच्या हातानं दिला, पावती घेतली आणि दोनदा घडी करून पाकिटात ठेवली. तेवढ्यात लिफ्टवाला तिसऱ्या मजल्यावर जिन्यानं चढून गेला.

“साहेब, ही तुमची चिठ्ठी,” तो म्हणाला. “पोरगी म्हणते, सगळा पेपर बघा.”

उपनियंत्रकांनी चिठ्ठी घेतली. त्यांचा चेहरा पडला, मग हळूहळू सैल झाला. “खरं सांगू? काल संध्याकाळपासून मलाच चैन नव्हतं. आयुष्यात कधी असली चिठ्ठी लिहिली नव्हती. त्या लिफ्टमध्ये माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं.” त्यांनी ती फाडली, चार तुकडे केले, मग आठ. “मुलीला सांगा, पेपर दुसऱ्या तपासनिसाकडं जाईल. नाव-नंबर काही न दाखवता. माझा त्याच्याशी संबंध नाही.”

“तेवढं बास आहे, साहेब.”

“आणि लिफ्ट?”

“ठणठणीत आहे. पण तुम्ही आठवडाभर जिना वापरा. तब्येतीला बरा.”

तीन आठवडे गेले. घरात त्या विषयावर कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि ते ठरलंय हे रोज कुणीतरी कुणाला तरी आठवण करून देत होतं. मावशी दिवसाआड फोन करून हवापाण्याची चौकशी करायची. आरेखनाची जागा निकालापर्यंत राखून ठेवली होती.

निकाल आला तेव्हा रविवार होता, सकाळचे दहा वाजले होते. खारूनं फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. तिघं वाकली. पाच-ब, चारपैकी तीन. तिसरा प्रश्न, पद्धत बरोबर म्हणून चारपैकी दोन. जिना, तेराऐवजी बारा.

लिफ्टवाला बोटांवर मोजत होता. तीन आले. दोन गेले. एक गेला.

एकूण, एकशे अठरा.

लिफ्टवाला म्हणाला, “एवढा द्राविडी प्राणायाम करून तेवढेच?”

“तेवढेच,” खारू म्हणाली. तिच्या ओठांचा कोपरा हलला. आणि एकदम तिला हसू फुटलं, असं, की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. लिफ्टवालाही हसायला लागला. आई मात्र पदर नसल्यामुळं टेबलपुसणं तोंडाला लावून रडत होती.

“अगं, कमी नाही झाले! तुला हवं तेच झालं ना?” लिफ्टवाला म्हणाला.

“म्हणून तर रडतेय!” ती हुंदक्यातून म्हणाली. “आणि बारा काय, बारा? तेवढ्या सुंदर जिन्याला बारा?”

मावशीला कळवलं. तिनं फोनवरच त्या दुसऱ्या तपासनिसाच्या मानेची चौकशी केली.

दुपारी बाप-लेक ब्रेड आणायला खाली उतरले. रस्त्यावर ऊन होतं, दुकानाबाहेर दोघं सावलीत उभं राहून नंबर यायची वाट बघत होते.

“वाईट वाटलं का गं?” त्यानं विचारलं.

“दहा मिनिटं. मी रडणारच होते, पण आई आधी रडायला लागली. मग माझा नंबर गेला.” ती रस्त्यापलीकडच्या इमारतीकडं बघत होती. “मावशी म्हणते, आरेखनातून पहिल्या पाचांत आलं तर पुढं आर्किटेक्टच्या दुसऱ्या वर्षाला बसता येतं. नाही आले तर नाही आले. पण कागदावर मापं कशी बसवतात ते मला शिकायचंच होतं. बारा सकपासून.”

“बाहत्तर,” लिफ्टवाला म्हणाला.

“माहीत आहे रे!”

दुसऱ्या आठवड्यात खारूचं कॉलेज सुरू झालं. ती पहाटे उठून पेन्सिलींना टोकं करायची, आई डबा भरता भरता तिच्या पाठीवरच्या लांबलचक नळीवर ओरडायची, कारण ती दारात दर वेळी कशाला ना कशाला अडायची. लिफ्टवाल्याच्या फेरीतल्या पहारेकऱ्यांनी, कारकुनांनी, दारावरच्या बायकांनी त्याला विचारायला सुरुवात केली, की पोरीचं काय झालं, म्हणे चांगले मार्क पडले?

“एकशे अठरा,” तो पाना पुसत सांगायचा. समोरच्याला त्यात काही विशेष वाटलं नाही, असं दिसलं की तो जरा पुढं वाकायचा.

“दोनदा तपासलेले आहेत.”